काळी मोटार आणि तिच्या झाकणाबाबतची कबुली

मी, विष्णुपंत गोविंद काटगावकर, वय वर्षे सहासष्ट, पूर्वीचा कोर्टातील पेशकार व हल्ली पेन्शनर, राहणार तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, पण मी लिहितो उजव्याच्या भरवशावर. कोणी मला भरीस घातलेले नाही, दाब दिलेला नाही. दाब द्यायला या घरात आता माझे कोणी उरलेलेही नाही.

तीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे वाचली, निजामाच्या अमलात उर्दूत आणि विलीनीकरणानंतर मराठीत. माणूस कोणत्याही भाषेत लिहो, पहिल्या पानावर तो शहाणा असतो आणि तिसऱ्या पानावर खरे बोलायला लागतो. माझेही तसेच होणार आहे. म्हणून वाचणाऱ्याने घर कोणाला मिळाले एवढे बघून कागद मिटू नये.

माझी पत्नी सौभाग्यवती द्वारकाबाई गेल्या श्रावणात वारली. आमची एकुलती एक मुलगी प्रमोदिनी सन १९५७ च्या कार्तिकात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पोटातल्या बाळासह गेली. जावयांनी पुढे दुसरे लग्न केले, ते योग्यच केले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आता जवळचा म्हणावा असा माझा पुतण्या वसंतराव, उस्मानाबादला हायस्कुलात शास्त्र विषयाचा मास्तर. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याने करावी.

कलम १. राहते घर, परसातल्या आडासह, वसंतरावाला द्यावे. मागची खोली मात्र सिताबाईंच्या हयातीपर्यंत सिताबाईंची. एकवीस वर्षे त्यांनी या घरात स्वयंपाक केला आणि एकवीस वर्षे माझ्याशी भांडण केले. दोन्ही कामे त्यांनी मनापासून केली. त्यांना तिथून कोणी उठवू नये.

कलम २. पोस्टात जे काही शिल्लक असेल त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत. उरेल ते वसंतरावाचे. माझ्या तेराव्याला बुंदी करू नये. मला ती कधीच आवडली नाही, आणि ज्यांना आवडते ते माझ्यासाठी येणार नाहीत, बुंदीसाठी येतील.

कलम ३. शेजारी आण्णासाहेब यांनी सन १९६१ च्या उन्हाळ्यात माझ्या मोटारीचा जॅक एका दिवसासाठी म्हणून नेला. हल्ली त्या जॅकवर त्यांच्या माडीचा एक वासा टेकवलेला आहे, हे मी माझ्या खिडकीतून रोज बघतो. जॅक काढला तर माडी खाली येईल. सबब तो जॅक त्यांना माझ्या हयातीतच बक्षीस दिला, मृत्युपत्रातून नव्हे, असे समजावे. मात्र तो मी दिला, त्यांनी ठेवून घेतला असे नव्हे, ही नोंद कागदावर राहावी.

कलम ४. मोटारीची वही वसंतरावाला द्यावी. सन १९४९ पासून गाडीने जे जे दुखणे काढले ते, त्याचे लक्षण, कारण आणि उपाय असे मी त्या वहीत लिहीत आलो. वसंतराव वही वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. मृत्युपत्र मात्र वाचेल, म्हणून मुख्य तेवढे इथेच उतरवतो.

गाडी बंद पडली की धावत जाऊन बॉनेट उघडू नये. आधी जागेवर बसून आठवावे, ती बंद कशी पडली. दिवा फुंकल्यासारखी एकदम पडली, तर विजेचा दोष: कॉइल, पॉइंट, सुटलेली तार. आचके देत, दम लागल्यासारखी पडली, तर पेट्रोल पोहोचत नाही.

सकाळी हँडल मारमारून मनगट दुखवून घेण्याआधी बॅटरीची टोके बघावीत. पांढरी बुरशी आली असेल तर गरम पाण्याने धुवावी, घासावी, वरून ग्रीस लावावे. निम्म्या वेळा दुखणे तेवढेच असते. प्लग काढून त्याचे तोंड बघावे. काळेकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरेफटक असेल तर कमी. विटकरी असेल तर हात लावू नये, ती गाडी तुमच्यापेक्षा शहाणी आहे. घाटात पाणी उकळले तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, तोंड भाजते. ओले पोते टाकून थांबावे आणि तोवर पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघावा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर तो सैल आहे. ब्रेकचे पायडल एकदा दाबून खाली जात असेल आणि दोनदा दाबल्यावर लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. त्या गाडीतून शंभर पावलेसुद्धा जाऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशाने झाली हे कळत नाही. काहीच न बदलता नुसते थांबल्याने गाडी सुरू झाली, तर ते त्याहून वाईट. तेव्हा माणूस न केलेल्या कामाचे श्रेय घेतो. हे शेवटचे वाक्य माझ्या वहीत नाही. ते मी आज लिहितो आहे.

कलम ५. आता मोटारीबद्दल. चार दारांची, काळ्या रंगाची ही विलायती मोटार मी सन १९४९ मध्ये, हैदराबादेला कायमचे निघालेल्या एका तहसीलदाराकडून घेतली. तेव्हाच ती तेरा वर्षांची होती. प्रमोदिनीही तेरा वर्षांची. द्वारकाबाई म्हणाली, "एक पोरगी उजवायची आहे, तोवर ही दुसरी कशाला आणलीत?"

पोरगी मात्र हरखली. मी गाडीखाली आडवा झालो की ती परकर खोचून शेजारी उकिडवी बसायची आणि मागेल तो पाना अचूक हातात द्यायची. तिचे नाक माझ्या वहीपेक्षा खरे होते. हँडल मारले आणि गाडी सुरू झाली नाही, की ती सायलेन्सरशी जाऊन वास घ्यायची. "नाना, पेट्रोलचा वास येतोय, ठिणगी बघा," असे म्हणायची. नाहीतर, "वास येत नाही, नाना. पेट्रोलच येत नाही." ती कधी चुकल्याचे मला आठवत नाही. तिला मुलगा करून पाठवले असते तर, असे मी एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, "मुलगीच असू दे. मुलाला तुम्ही हात लावू दिला नसतात." खरे होते.

दर खंडेनवमीला गाडीची पूजा द्वारकाबाई करी. आमच्या गावात कुंकवाला काही तोटा नाही. ती कुंकू तेलात कालवून पाच बोटांनी गाडीला मळवट भरी, आणि तो भरी कुठे, तर मागच्या बाजूला पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर. मी एकदा हसलो. "अगं, देवाचं तोंड पुढं असतं."

"माणूस जिथनं खातो तेच त्याचं तोंड," ती म्हणाली. "मोटार इथनं खाते. तुम्ही तुमचे पाने सांभाळा."

मी पाने सांभाळले. त्या झाकणावर आठ वर्षे, थरावर थर, कुंकू बसत गेले. ते लाल झाकण मला चांगले दिसे. इथपर्यंत मी सुखी माणूस होतो, असे समजावे.

कलम ६. सन १९५७ च्या कार्तिक महिन्यात प्रमोदिनी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दिवस भरायला पंधरवडा होता. ती गेली त्याच्या आठ दिवस आधी मी टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, गाडीतल्या पंपाचा फाटलेला पडदा महांतप्पाकडून बदलून घेतला होता. महांतप्पा गुरबसप्पा कोरे, मूळचा नळदुर्गचा, मोटारस्टँडजवळ लिंबाखाली त्याचे दुरुस्तीचे दुकान होते. पंचक्रोशीत त्याच्या हाताचा मिस्त्री नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

त्या दिवशी सकाळी पोरीला कळा सुरू झाल्या. दगडाबाई सुईणीने हात लावून बघितले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "पंत, लेकरू आडवं हाय. ह्ये माझ्या हातचं न्हाय. सोलापूरला न्या, येळ लावू नगा."

सोलापूरची एस.टी. तासाभरापूर्वी गेली होती. मी गाडी काढली. एरवी मी टाकीत दोन-तीन गॅलनच ठेवी. त्या दिवशी घरातले दोन्ही डबे ओतून टाकी काठोकाठ भरली, वाटेत कमी पडायला नको म्हणून. पोरीला मागे निजवले. दगडाबाई तिच्या उशाशी बसली. निघणार, तेवढ्यात द्वारकाबाई धावत आली. देवीच्या पायांचे कुंकू तिने तेलात भिजवून आणले होते. ते तिने झाकणावर, कडेकडेनेसुद्धा, हाताने दाबून दाबून लिंपले आणि म्हणाली, "आई, माझ्या लेकीला पोचव." मी म्हणालो, "आटप." एवढेच म्हणालो.

घाट उतरून गेल्यावर चार-पाच मैलांत गाडी आचके द्यायला लागली आणि थांबली. आचके देत थांबली. मी वर कलम चारमध्ये काय लिहिले आहे ते वाचणाऱ्याने परत बघावे. मी मात्र पॉइंट उघडले, घासले, प्लग काढून पुसले. वीस मिनिटे गेली. हँडल मारले, गाडी सुरू झाली. मला वाटले, पॉइंटच होते.

दोन मैलांवर परत तेच. तेव्हा मागून पोरीचा आवाज आला. कळा देत होती, तरी म्हणाली, "नाना, वास येत नाही. पेट्रोल बघा."

मी म्हणालो, "तू गप पड. टाकी मी माझ्या हाताने भरली आहे."

मी कार्बोरेटर उघडला. तो कोरडा होता. तो फुंकून, पुसून बसवला. त्या वेळी सोलापूरकडे जाणारा एक ट्रक शेजारी थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बाईंना माझ्या गाडीत घेऊ का?" मी त्याला हात हलवून जायला सांगितले, कारण त्याच क्षणी माझी गाडी सुरू झाली होती. ती माझ्या दुरुस्तीने सुरू झाली असे मला वाटले. ती नुसती थांबल्याने सुरू झाली होती. तो ट्रक गेला.

तामलवाडीच्या पुढे ती तिसऱ्यांदा थांबली. मी परत कार्बोरेटर उघडला, परत कोरडा. म्हणजे पंप पेट्रोल ओढत नव्हता. पंपाचा पडदा आठ दिवसांपूर्वी बदललेला. मी रस्त्यात उभा राहून महांतप्पाला शिव्या देत होतो, तेव्हा दगडाबाईने मला हाक मारली. मी मागचे दार उघडले. पोरीने माझा हात धरला, माझ्या हाताला पेट्रोल लागले होते. तिने तो हात नाकाशी नेला. दुपारी दोनच्या सुमारास, बाभळीच्या अर्धवट सावलीत, उभ्या गाडीत, माझी मुलगी गेली.

त्यानंतर दुसरा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने मागे जाऊन टाकीचे झाकण काढले, काठी बुडवली, "टाकी तर भरलेली हाय," म्हणाला आणि झाकण नुसते वर ठेवून दिले. मी हँडल मारले. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. परत तुळजापूरपर्यंत, घाट चढूनसुद्धा, ती एकदाही थांबली नाही.

कलम ७. पंधराव्या दिवशी, मंगळवारी, देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी स्टँड भरलेला असताना, मी महांतप्पाच्या दुकानी गेलो. तो कामात होता. मला बघून हात पुसत उठला. मी पायातली वहाण काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. तीनदा मारली. "माझी पोरगी मारलीस," असे ओरडून बोललो. त्याची बायको पार्वतम्मा भाकरी घेऊन आली होती, ती तिथेच उभी होती.

त्याने हात उचलला नाही. एवढेच म्हणाला, "पंप खोलून बघा, पेशकारसाहेब. मग मारा."

मी आयुष्यभर कोर्टाचा प्रत्येक कागद दोनदा तपासला. तो पंप मात्र त्या वेळी मी उघडलाही नाही. गावाला माझा शब्द पुरेसा होता. पंतांची लेक ज्याच्या हाताने गेली तो, असे त्याचे नाव पडले. चार महिन्यांत लिंबाखालची जागा मोकळी झाली. तो नळदुर्गला गेला आणि विहिरींवरची इंजिने दुरुस्त करू लागला. इथे असताना पार्वतम्मा दर नवरात्रात देवीला अनवाणी जाई. गाव सुटल्यापासून ती देवीलाही आलेली नाही.

कलम ८. दोन वर्षे गाडी छपरात उभी होती. उभ्या गाडीचीही पूजा द्वारकाबाईने चुकवली नाही. सन १९५९ च्या मार्गशीर्षात तिचे डोळे दाखवायला म्हणून मी गाडी काढली. पंप पहिला उघडला. महांतप्पाने बसवलेला पडदा जसाच्या तसा होता, नवा कोरा. तो मी परत तसाच बसवला. टाकी भरून घेतली आणि निघालो. घाटाखाली गाडीने आचके दिले आणि थांबली.

मी बराच वेळ सुकाणूवर हात ठेवून बसलो. मग उतरून मागे गेलो आणि टाकीचे झाकण फिरवले. सूं असा आवाज करत हवा आत शिरली.

ज्यांना मोटार ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. टाकीतून पेट्रोल जाते, तेव्हा त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या जाडीचे एक भोक असते. ते बुजले, की पंप कितीही चांगला असला तरी टाकी पेट्रोल सोडत नाही. काही वेळ थांबले की कुठून तरी थोडी हवा झिरपते, गाडी थोडी चालते आणि परत थांबते. टाकी अर्धी असेल तर हे उशिरा होते. काठोकाठ भरलेली असेल तर लगेच होते. त्या भोकावर भाकरीच्या पापुद्र्याएवढा जाड कुंकवाचा थर बसला होता.

गाडीतून द्वारकाबाईने विचारले, "काय झालं हो?"

मी म्हणालो, "काही नाही. धूळ होती."

ते कुंकू मी खिळ्याने खरवडले, तिला दिसणार नाही असे उभे राहून. तिला काय सांगणार होतो? ज्या हाताने तू लेकीसाठी देवीला साकडे घातलेस, त्याच हाताने? मी ठरवले की हे तिला कळू द्यायचे नाही. आणि तिला कळू द्यायचे नसेल, तर महांतप्पा दोषीच राहायला हवा. एका माणसाचे नाव की माझ्या बायकोचे काळीज, असा तो निवाडा होता आणि मी तो दिला. पुढे चार दसरे ती झाकणाला मळवट भरत राहिली, आणि चार वेळा मी दुसऱ्या दिवशी पहाटे तिचीच शिवणाची सुई घेऊन ते भोक मोकळे करत राहिलो. ती मेली तेव्हा तिला महांतप्पाचा राग होता. तो राग मी तिला पुरवला होता.

दोष कुंकवाचा नाही, असे मी इथे लिहून ठेवतो. झाकणाला भोक असते हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला होते. पोरीने मला पेट्रोल बघा म्हणून सांगितले होते. मी पंपापर्यंत गेलो, टाकीपर्यंत गेलो नाही, कारण टाकी मी भरली होती. स्वतः केलेले काम तपासायचे नाही, ही माझी खोड तिच्या जिवावर बेतली.

कलम ९. सबब ही काळी मोटार, तिचे सर्व पाने, हँडल व पंप, महांतप्पा गुरबसप्पा कोरे, राहणार नळदुर्ग, यांना द्यावी. माझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी वसंतरावाने मोटारस्टँडवर उभे राहून, लोक भरलेले असताना, या मृत्युपत्रातील कलम सहा, सात व आठ मोठ्याने वाचून दाखवावीत.

येथे मृत्युपत्र पुरे झाले होते. पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी, खालील कारणाने जोडला आहे.

पुरवणी. मी महांतप्पाला पोस्टकार्ड टाकून बोलावले होते. येईल असे वाटले नव्हते. तो सकाळच्या एस.टी.ने आला. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी त्याला ओसरीवर बसवले आणि कलम पाचपासून नऊपर्यंत वाचून दाखवले. वाचताना मी त्याच्याकडे बघितले नाही.

वाचून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न मिस्त्रीचाच विचारला. "टाकी काठोकाठ हुती?"

"होय."

"मंग लवकरच धरली असंल," तो म्हणाला. "पेशकारसाहेब, साडेसात वर्सं होत आली. रोज भाकरी खाताना म्या मनातल्या मनात त्यो पंप जोडून बघतो. पडदा उलटा तर बसला न्हाय? स्क्रू ढिला तर ऱ्हायला न्हाय? तुम्ही मारलं त्याचं काय न्हाय. पर मला बी वाटत हुतं, ताईला म्याच मारलं."

हे मला कधी सुचलेच नव्हते. त्याने वहाण खाल्ली, धंदा गेला, गाव सुटले, हे मी मनात धरले होते. तो स्वतःला खुनी समजून जेवत असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी त्याच्या पायावर हात ठेवायला वाकलो. त्याने पाय मागे घेतले.

"तुम्हाला कधीपासनं ठावं हाय म्हणालात?"

"सव्वापाच वर्षे."

"बाईसाहेबांसाठी गप बसला."

"होय."

"मंग बाईंचं नाव कशापायी घ्यायचं हुतं? झाकणाचं भोक बुजलं हुतं, माझ्या ध्यानात आलं न्हाय, महांतप्पाचा पंप चांगला हुता. एवढंच बोलायचं. गाडी तुमची, झाकण तुमचं. त्यात कुंकू कुठं येतं? धुळीनं बी बुजतं की."

मी ती वाक्ये बोटांवर मोजली. तीन वाक्ये होती. ती बोललो असतो तर द्वारकाबाईचे काळीजही राहिले असते आणि याचे नावही. ज्याला मी निवाडा समजत होतो तो निवाडा नव्हताच. मला फक्त स्टँडवर उभे राहून, मी चुकलो, असे म्हणायचे नव्हते. बायकोच्या आडोशाला मी लपलो होतो, आणि ती गेल्यावरही सात महिने लपूनच होतो.

गाडी त्याने नाकारली. "त्या शिटावर कोण बसंल?" म्हणाला. "वसंतरावांच्या शाळेत द्या. पोरं खोलतील, जोडतील, शिकतील." पाने मात्र घेतो म्हणाला. सबब कलम ९ मधील मोटार वसंतरावाच्या हायस्कुलाला द्यावी व पाने महांतप्पास द्यावेत, अशी दुरुस्ती करतो.

जाहीर वाचनाबद्दल तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. "तुम्ही मेल्यावर दुसऱ्यानं वाचून काय हुतंय? मेलेल्या माणसाला लाज कुठली? माझ्या पार्वतम्मानं तुम्हाला मारताना बघितलंय, जित्त्या डोळ्यांनी. बोलताना बी बघू द्या की."

सबब कलम ९ मधील वाचनाचा मजकूर मी काट मारून रद्द केला आहे व काटेजवळ सही केली आहे. ते काम माझ्या मरणानंतर करावयाचे उरणार नाही. परवा मंगळवारी, ता. ९ मार्च रोजी, सकाळी दहा वाजता मी स्वतः मोटारस्टँडवर जाईन. महांतप्पा पार्वतम्माला घेऊन येणार आहे. कागद नेणार नाही. द्वारकाबाईचे नाव घेणार नाही. मला भीती वाटते आहे, हेही खरे लिहितो. परवापर्यंत जगलो तर पुरे.

साक्षीदाराचा प्रश्न निघाला तेव्हा, एक सही मी करतो, असे महांतप्पा आपणहून म्हणाला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये असा आमच्या कचेरीतला रिवाज आहे, हे मी त्याला सांगितले. "मग पाने बी नगंत," तो म्हणाला. सबब तेही खोडले, पाने मोटारीबरोबरच जावेत. साक्ष म्हणजे काय हेही त्याने नीट विचारून घेतले. मी सांगितले, साक्षीदाराने लिहिणाऱ्याची सही डोळ्यांनी बघितली, एवढ्याचीच ती साक्ष असते. आतला मजकूर खरा की खोटा याची ती साक्ष नव्हे. त्याने मान हलवली आणि टाक मागितला.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून, सही करून दिले असे.

ठिकाण: तुळजापूर
तारीख: ७ मार्च १९६५, रविवार

(सही) विष्णुपंत गोविंद काटगावकर

साक्षीदार:

१. (सही) आण्णासाहेब, शेजारी, राहणार तुळजापूर

२. (सही, कानडी अक्षरात) महांतप्पा गुरबसप्पा कोरे, राहणार नळदुर्ग. सहीखाली त्यांनी सांगितलेला मजकूर, त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिला:

"पेशकारसाहेबांनी सही केली ती मी बघितली. लिहिलं त्याची साक्ष आज देत न्हाय. ती मंगळवारी, पार्वतम्मानं ऐकल्यावर."